चेंडू नसतो तिथे

"घरी बसून मॅच लख्ख दिसते, रिप्ले दिसतो, बाथरूम चार पावलांवर आहे. मग उन्हात कशाला मरायचं?" हा आमच्या घरातला जुना प्रश्न. विचारणारा माझा नवरा, आणि त्याचं म्हणणं अगदीच खोडून काढण्यासारखं नाही. मैदानात बसून एलबीडब्ल्यू कळत नाही. बाजूला बसलात तर चेंडू आत आला की बाहेर गेला याचा पत्ता लागत नाही, फक्त बॅट्समन चुकला एवढंच दिसतं. कॅच झेलला की टप्पा पडून आला, यावर शेजाऱ्याशी वाद घालावा लागतो आणि तो शेजारीही आपल्याइतकाच आंधळा असतो. टीव्हीवाल्याला हे सगळं बारा बाजूंनी, हळू करून, वर बाण काढून दाखवतात.

तरी मी जाते. कॅमेरा चेंडूच्या मागे धावतो आणि मला बाकीच्यांत जास्त रस आहे, एवढंच कारण. मैदानावर अकरा अधिक दोन माणसं असतात, चेंडूपाशी एका वेळी जास्तीत जास्त तिघं. उरलेले दहा जण काय करतात, हे कुठल्याही चॅनेलवर दिसत नाही.

हा नाद मला माहेरी नव्हता. माहेरी क्रिकेट म्हणजे भावांचं, आम्ही फक्त चेंडू गटारात गेला की काढून द्यायच्या. नाद लावला सासऱ्यांनी. अण्णा नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर झालेले. नोटा छापल्या त्या मोजल्या नाहीत, धावा मात्र आयुष्यभर मोजल्या, असं ते स्वतःच सांगतात. लग्नानंतरच्या एका हिवाळ्यात नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर रणजीची, म्हणजे राज्याराज्यांमधल्या स्पर्धेची, मॅच होती. नवऱ्याने नेहमीप्रमाणे नकार दिला, अण्णांना एकट्याला जायचा कंटाळा आला होता, आणि त्यांनी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून विचारलं, "तू येतेस का गं? डबा घेऊ, तिथेच बसू." सासरी नवीन असताना दिवसभर घराबाहेर राहण्याची अशी अधिकृत परवानगी कोण सोडेल! मी क्रिकेटसाठी नव्हे, त्या परवानगीसाठी गेले. थर्मास मी घेतला, वही त्यांनी.

मैदानाचं कागदोपत्री नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. १९०९ च्या डिसेंबरात इथल्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनवर गोळी झाडणारे ते अनंत कान्हेरे. जॅक्सन त्या रात्री नाटक बघायला आला होता. पुढच्या एप्रिलमध्ये ठाण्याच्या तुरुंगात कान्हेऱ्यांना फाशी झाली, तेव्हा ते विशीतही नव्हते. एवढं मोठं नाव असूनही रिक्षावाल्याला "गोल्फ क्लब" म्हटल्याशिवाय तो मीटरकडे बघत नाही. सकाळ-संध्याकाळ जॉगिंग ट्रॅकवर अर्धं नाशिक चालत असतं. त्यांतल्या बऱ्याच जणांना आत रणजी चालू आहे हे तिसऱ्या फेरीला कळतं. मग ते जाळीला नाक लावून विचारतात, "कोण खेळतंय?" महाराष्ट्र म्हटलं की पुढचा प्रश्न, "त्यात कोण आहे?" आणि ओळखीचं आयपीएलवालं नाव नसेल तर चौथी फेरी सुरू.

रणजीला बहुतेक ठिकाणी तिकीट नसतं. साडेनऊच्या सुमारास खेळ सुरू होतो, त्याच्या तासभर आधी जाऊन बसायचं, हा अण्णांचा नियम. नाशिकची जानेवारीतली सकाळ ज्याने अंगावर काढली आहे त्याला हे किती कठीण ते कळेल. स्वेटर, मफलर, वर शाल, आणि खुर्ची उन्हाच्या तुकड्यात सरकवत सरकवत बसायचं. दहा वाजता मफलर उतरतो, अकराला स्वेटर, आणि लंचपर्यंत तीच शाल डोक्यावर ऊन नको म्हणून आलेली असते.

पण त्या आधीच्या तासातच खरी गंमत. सलामीचे दोघं बॅट्समन वेगवेगळ्या कोपऱ्यांत उभे असतात, एकमेकांशी बोलत नाहीत. एक जण अखंड बडबड करतो, दुसरा त्याच त्या काल्पनिक चेंडूला सोडून देण्याची प्रॅक्टिस करतो. खेळणं नव्हे, सोडणं. फास्ट बोलर रनअपची पावलं मोजतो, खूण करतो, मागे जातो, पुन्हा मोजतो, आणि खूण अर्धा वीत मागे घेतो. कालच्या दिवसात त्याच्या पायाला काहीतरी झालेलं आहे हे अण्णा मला त्या अर्ध्या वीतेवरून सांगतात. बरोबर असतं की चूक ते देव जाणे. पण पहिली ओव्हर पडेपर्यंत त्या बोलरची मला सख्ख्या भावासारखी काळजी लागलेली असते.

अण्णांच्या वहीबद्दल सांगायलाच हवं. दुकानात मिळते तशी छापील स्कोअरबुक नाही. मोठी चौकटीची वही, पट्टीने आखलेली. प्रत्येक बोलरपुढे ओव्हरचा एक चौकोन, त्यात बॉलागणिक खूण. धाव निघाली तर आकडा, नाही निघाली तर ठिपका. चौकोनात ठिपके तीन वर, तीन खाली. सहाच्या सहा ठिपकेच राहिले तर ओव्हर मेडन. मग अण्णा पेन्सिल उचलतात आणि ते सहा ठिपके जोडून इंग्रजी एम काढतात. खालच्या ठिपक्यावरून वर, मग मधल्यावर खाली, पुन्हा वर, पुन्हा खाली. विकेट पडलेली मेडन असेल तर उलटी रेघ, डब्ल्यू. एवढ्या वर्षांत त्यांचा एम कधी वाकडा गेलेला मी पाहिला नाही. चौकार लिहिताना ते मान वर करतात, चार लिहून मोकळे होतात. एम काढताना मात्र चष्मा नाकावर खाली ओढतात.

आणि इथे बापू नाडकर्णी येतातच. ते जन्माने नाशिकचे, हे अण्णा दर मॅचला कुणाला ना कुणाला सांगतात, समोरच्याने विचारलेलं नसलं तरी. १९६४ च्या जानेवारीत मद्रासला इंग्लंडविरुद्ध बापूंनी ओळीने २१ मेडन टाकल्या. १३१ चेंडू एकही धाव नाही. डावाअखेर ३२ ओव्हर, २७ मेडन, ५ धावा, शून्य विकेट. शून्य! नेटमध्ये खेळपट्टीवर नाणं ठेवून त्यावर टप्पा टाकण्याचा त्यांचा सराव होता, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. आजच्या हिशेबाने त्या स्पेलचं काय दाखवणार? विकेट नाही, चौकार नाही, हायलाइट्समध्ये एक सेकंद बसणार नाही. पण मद्रासच्या त्या स्टेडियममध्ये माणसं बसली होती. सातवी, दहावी, चौदावी मेडन त्यांनी मोजली असेल. कुणीतरी पंधरावीला चहा आणायला जायचं टाळलं असेल. अण्णा म्हणतात, "त्यातल्या एकाची वही मला बघायला मिळायला हवी होती. एकवीस एम ओळीने!" हे म्हणताना त्यांचा चेहरा लोक ताजमहालाबद्दल बोलताना करतात तसा झालेला असतो.

रणजीत आणखी एक सुख आहे, ते वानखेडेवर पैसे मोजूनही मिळत नाही. इथे आपला आवाज पोचतो. समोर पाच-दहा हजार नसतात. कधी दोनशे, कधी शाळेची मुलं आणली तर पाचशे. विकेटकीपरचं "चल रे, अजून एक तिथेच" मराठीत ऐकू येतं आणि आपलं बोलणं बाउंड्रीवरच्या पोराला ऐकू जातं. एकदा लाँगलेगला एक पोरसवदा फिल्डर आमच्याकडे पाठ करून उभा होता. बॅट्समन दोनदा त्याच्या डाव्या हाताच्या फटीतून काढून गेला. अण्णा उठून रेलिंगपाशी गेले आणि घरातल्या पोराला सांगावं तसं म्हणाले, "बाळा, चार पावलं डावीकडे सरक." पोराने मागे वळून पाहिलं नाही. पण त्याच वेळी कॅप्टननेही हात केला असावा, कारण तो सरकला. नेमकी चार पावलं. पुढचा फटका थेट त्याच्या हातात, एकच धाव. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत महाराष्ट्राचं नेतृत्व अण्णांकडे होतं. घरी येऊन त्यांनी सुनेने वाढलेली भाजीही जरा डावीकडे सरकवून घेतली.

२०२५ च्या जानेवारीत बडोद्याविरुद्धची मॅच झाली तेव्हा मात्र चित्र वेगळं होतं. ऋतुराज गायकवाड आणि कृणाल पंड्या नाशिकात म्हटल्यावर कॉलेजची पोरं मोबाइल उंचावून आली. महाराष्ट्राने ती मॅच ४३९ धावांनी जिंकली. आकडा वाचताना वाटतं की एकतर्फी कंटाळवाणं प्रकरण असणार. तसं नसतं हो. हरणारा संघ कसा हरतो, हे बघण्यासारखं असतं. आधी टाळ्या कमी होतात. मग दोन ओव्हरच्या मधे फिल्डर चालत जायला लागतात, धावत नाहीत. मग पाणी मागवलं जातं, तहान नसताना. स्कोअरबोर्डवर हे कुठे लिहिलेलं नसतं.

साइटस्क्रीनची भानगड तर टीव्हीवाल्यांना कळणारच नाही. लाल चेंडू, मागे पांढरा पडदा, आणि त्याच्या आसपास कुणी हललं की बॅट्समन हात वर करून खेळ थांबवतो. एक गृहस्थ हातात वडापावची पुडी घेऊन नेमके तिथे उभे राहिले, फोनवर बोलत. बोलर रनअपच्या मधून परत गेला. पंचांनी हात केले. बॅट्समनने बॅट हलवली. सगळं मैदान ओरडलं, "ओ काका, खाली बसा!" काका सगळीकडे बघतात, कोणते काका म्हणून. शेवटी ट्रॅकवरून चालणाऱ्या एका बाईंनी त्यांना दंडाला धरून बाजूला केलं. टाळ्या! त्या दिवसातल्या कुठल्याही चौकारापेक्षा मोठ्या. बाईंनी लवून नमस्कार केला आणि पुन्हा चालायला लागल्या.

आयपीएल मी मैदानात जाऊन पाहिली आहे आणि पुन्हा बघायची विशेष इच्छा नाही. गर्दीचं मला वावडं नाही, तिथे मला दुसऱ्याच गोष्टीचा जाच होतो. टाळी कधी वाजवायची, उभं कधी राहायचं, कुणाच्या नावाने ओरडायचं, हे सगळं स्पीकरवरचा मुलगा ठरवतो. ओव्हर संपली की गाणं. विकेट पडली की गाणं. फिल्डिंग बदलते तो नेमका वेळ गाण्यात जातो. त्यापेक्षा ढोल बरा. आपल्या नाशिक ढोलाला लोक पार केरळातल्या मिरवणुकांपर्यंत त्याच नावाने ओळखतात, आणि ढोलाचं चांगलं हे की वाजवणाऱ्याला खेळ दिसत असतो. बोलर वळला की टिपरू थांबतं. डीजेला थांबायचं कळत नाही, त्याचं तोंड पडद्याकडे असतं.

जत्रेतल्या कुस्त्यांची दंगलही मी पाहिली आहे, पण लांबून. बायका आखाड्याच्या कडेला बसत नाहीत, गच्चीवरून बघतात. गच्चीवरून खरं तर उत्तम दिसतं. नारळावरच्या लहान पोरांच्या कुस्त्या चालू असतात तेव्हा मोठे पैलवान बाजूला अंगाला माती लावून एकमेकांचे खांदे, मान, गुडघे डोळ्यांनी मोजत असतात. त्या मोजण्यात अर्धी कुस्ती होऊन जाते.

पळण्याच्या शर्यतीचं तंत्र पुन्हा वेगळं. तिथे बघणाऱ्याच्या वाट्याला दहा सेकंद येतात. मविप्र शिक्षणसंस्थेच्या मॅरेथॉनच्या दिवशी गंगापूर रोडला पहाटे उभं राहायचं, पुढचे चार जण सुर्रकन जातात आणि संपलं. ज्या जिल्ह्यात सावरपाड्याची कविता राऊत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचं ब्राँझ घेऊन आली, तिथे पळणाऱ्यांना बघायला माणसं थांबतात हे बरं आहे. पण मी पहिल्यांसाठी थांबत नाही. मी थांबते ती शेवटच्यांसाठी. बॅरिकेड उचलायला सुरुवात झालेली असते, रस्ताभर पाण्याचे चेपलेले ग्लास, मागे अँब्युलन्स हळूहळू येते आहे आणि तिच्यापुढे एक काका, नंबर पोटावर चुरगळलेला, चालतायत की पळतायत हे त्यांनाही माहीत नाही. त्यांना टाळ्या वाजवल्या की ते ओशाळं हसतात आणि पुढचे वीस फूट खरोखर पळतात. माझी टाळी एवढी कामाला आलेली मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही.

आता २ नोव्हेंबर २०२५. महिला विश्वचषकाची फायनल, नव्या मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमला, भारत विरुद्ध दक्षिण आफ्रिका. भाचीने रात्रभर मोबाइलला चिकटून तिकिटं मिळवली. अण्णांनाही न्यायचं ठरलं होतं, पण गुडघ्यांनी ऐन वेळी मोडता घातला. "तू जा. आल्यावर सगळं सांग." इगतपुरीपासून समृद्धी महामार्गाने भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत गेलो, कसारा घाट टळला, आणि पोचलो तर पाऊस! तीनची मॅच पाचला सुरू झाली. तो मधला वेळ टीव्हीवाल्यांनी जुन्या मुलाखतींवर काढला म्हणे. आम्ही ग्राउंड्समन बघत होतो. कव्हर ओढताना सगळ्यांचे पाय एकाच लयीत पडतात, आणि कोपरा धरणारा माणूस कायम वयाने मोठा असतो, हे त्या दिवशी माझ्या लक्षात आलं.

स्टँडमध्ये बायका किती होत्या! टी-शर्टवर हरमन, स्मृती, जेमिमा लिहिलेल्या पोरी होत्याच, पण साडीतल्या, पंजाबी ड्रेसमधल्या, डब्यात पुऱ्या आणलेल्या माझ्या वयाच्याही होत्या. गेटवर डबा अडवला म्हणून एक जण तिथेच उभी राहून सगळ्यांना पुऱ्या वाटत होती. माझ्या मागच्या रांगेतल्या आजी प्रत्येक चेंडूला "धर गं, धर गं" म्हणत होत्या, भारताची बॅटिंग चालू असतानाही.

शफाली वर्मा मुळात संघातच नव्हती, प्रतिका रावल जखमी झाली म्हणून ऐन वेळी आलेली. तिने ८७ केल्या. दीप्ती शर्माने ५८. भारताच्या ७ बाद २९८. मग आफ्रिकेची बॅटिंग सुरू झाली आणि मी माझा नेहमीचा उद्योग सुरू केला, एक फिल्डर निवडून तिच्यावरच नजर ठेवायची. मी अमनज्योत कौर निवडली. चेंडू तिच्याकडे येत नसताना ती काय करते? दर चेंडूला पुढे चार पावलं चालत येते, थांबते, गुडघ्यात वाकते, मग पुन्हा मागे जाते. सगळा डाव हे असंच, निम्म्याहून जास्त वेळ फुकट. त्यातल्या एका चेंडूला मिळालं ते फळ म्हणजे ताझमिन ब्रिट्सला रनआउट करणारी तिची थेट फेक. सगळं स्टेडियम तेव्हा उभं राहिलं. मी तर आधीच अर्धी उठलेली होते, कारण ती निघाली कधी हे मी पाहिलं होतं.

कॅप्टन हरमनप्रीतने शफालीच्या हाती चेंडू दिला तेव्हा आजूबाजूला "काय डोकं फिरलंय का" अशी कुजबुज झाली. शफालीने दोन विकेट काढल्या आणि कुजबुज करणारेच "मी म्हटलंच होतं" म्हणायला लागले. पण तिकडे लॉरा वोल्वार्ट हलत नव्हती. तिचं शतक झालं, आणि एवढ्या गर्दीत टाळ्या वाजल्या. आफ्रिकेच्या पोरीसाठी. मागच्या आजींनीही वाजवल्या, वर म्हणाल्या, "खेळली हो पोर. आता जाऊ दे घरी."

तेवढ्यात माझा फोन वाजला. अण्णा. "अगं, डीप मिडविकेटला कोण आहे? हे लोक दाखवतच नाहीत." मी म्हटलं, "अमनज्योत." "मग ठीक आहे," म्हणाले आणि फोन ठेवला. वोल्वार्टने १०१ वर दीप्तीला तिकडेच उचललं. चेंडू अमनज्योतच्या हातातून एकदा निसटला, दुसऱ्यांदा निसटला, आणि ती पडता पडता एका हाताने धरून बसली. त्या काही सेकंदांत मागच्या आजींचं "धर गं" तिला नक्की ऐकू गेलं असणार असं आमच्या रांगेचं एकमत आहे. आफ्रिका २४६ वर आटोपली, आपण ५२ धावांनी जिंकलो, दीप्तीच्या पाच विकेट. हे सगळ्या जगाने पाहिलं. झूलन आणि मिताली या जुन्या खेळाडूंच्या हातात कप दिला तेही पाहिलं.

पहाटे घरी पोचले तर अण्णा जागे. नवराही जागा, आणि त्याने मला दारातच तो कॅच बारा बाजूंनी सांगितला, हातवाऱ्यांसकट. अण्णांनी तो संपेपर्यंत वाट पाहिली आणि वही माझ्यापुढे केली. टीव्हीवरून सबंध मॅच लिहिली होती, दोन्ही डाव, पेन्सिलीने. फक्त आफ्रिकेच्या डावात एक चौकोन कोरा.

"नेमकी तेव्हा खालच्या जोशींनी बेल वाजवली," ते म्हणाले. "तू होतीस ना तिथे. सांग, काय झालं या ओव्हरमध्ये?"

मी आठवून पाहिलं. डीप पॉइंटची पोर टोपी बदलून आली होती. हरमनने शॉर्ट कव्हरला दोनदा पुढे बोलावलं आणि दोनदा मागे पाठवलं. नॉन-स्ट्रायकर पॅडची पट्टी सोडून परत बांधत होती. रोपच्या बाहेर एक बारावी खेळाडू बाटल्या घेऊन उभी, जावं की नाही या घोळात. धावा किती निघाल्या? माहीत नाही. एक चेंडूसुद्धा आठवेना.

"म्हणजे?" नवरा म्हणाला. "एवढ्या लांब जाऊन बघितलं काय तू?"

अण्णांनी त्याला हाताने गप्प केलं. पेन्सिल कानामागे लावली, पाय खुर्चीवर घेतले.

"शॉर्ट कव्हरला कोण होती, ते सांग आधी."